मालगाडीचा शेवटचा डबा

मालगाडी जातांना पाहण्याचा नाद ज्यांना लहानपणीं होता, त्यांच्या मनांत एक चित्र अजून ताजें असेल. इंजिन धडधडत पुढें निघून जाई. मागून एकासारखे एक मुके डबे जात आणि फाटकाशीं उभीं असलेलीं पोरें ते मोजीत राहत. परंतु खरें लक्ष असे तें शेवटच्या डब्याकडे. त्या डब्याच्या ओट्यावर निशाण घेतलेला गार्ड उभा असे, आणि कोणी हात हालविला तर तोहि उलट हात हालवी. सबंध मालगाडींत माणसाचें घर म्हणावें असा डबा तो एकच. आपल्याकडे त्याला गार्डाचा डबा किंवा ब्रेकव्हॅन म्हणत आले. अमेरिकेंतील रेल्वेवर त्याच कामासाठीं जो डबा असे, त्याचें नांव कबूस. ह्या कबूसची दुकानांत मिळणारी लहानशी प्रतिकृति घ्यावयाची आणि तिला कांपून, भरून, रंगवून एका विशिष्ट खऱ्या डब्याचें रूप द्यावयाचें, हा तिकडील हौशी मंडळींचा एक आवडता उद्योग आहे. श्रोत्यांना तो प्रथम पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. तेव्हां आधीं त्या डब्याचीच हकीकत ऐकावी हें बरें.

कबूस हा शब्द मुळांत जहाजावरचा. डेकवर स्वयंपाकासाठीं जी खोपटी असे तिला कबूस म्हणत. तेथून तो शब्द रुळांवर आला. सगळ्याच कंपन्यांना तो मानवला असें मात्र नाहीं. पेन्सिल्व्हानिया रेल्वे ह्या डब्याला केबिन-कार म्हणे, सांता फे रेल्वे वे-कार म्हणे. नांवें वेगळालीं, पण आंतला संसार एकच. जमिनीला बोल्टांनीं जखडलेली शेगडी, कागदपत्रांचें टेबल, भिंतीला लागून बाकें आणि तींच रात्रीं निजण्याचीं, पाण्याची टांकी, लाल व पांढरे कंदील. कंडक्टर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मोटारींत तिकिटें फाडणारा गृहस्थ येतो. अमेरिकन मालगाडीवर कंडक्टर हा साऱ्या गाडीचा अंमलदार, आणि कबूस ही त्याची कचेरी.

हवेचे ब्रेक सर्वत्र लागू होण्यापूर्वीं इंजिनाची शिटी झाली कीं ब्रेकवाल्यांनीं धांवत्या डब्यांच्या छपरांवरून चालत जावें आणि एकेका डब्याचें हातचाक पिळून ब्रेक आवळावा, अशी रीत होती. पाऊस असो, बर्फ असो, अपरात्र असो. त्या छपरांवरून घसरून आणि डबे जोडतांना मधें सांपडून इतकीं माणसें मेलीं व लुळीं झालीं कीं, १८९३ सालीं अमेरिकन काँग्रेसला हवेचे ब्रेक व आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे करणारा कायदा करावा लागला. ब्रेकचें काम हलकें झालें तरी मागच्या माणसाची पहाऱ्यांतून सुटका झाली नाहीं. त्या काळीं आंसाच्या टोकाशीं तेलानें भिजविलेल्या चिंध्यांची पेटी असे. तेल आटलें कीं आंस तापे, चिंध्या धुमसूं लागत, आणि वेळींच गाडी थांबली नाहीं तर आंस तुटून डबे रुळांवरून उतरत. तो धूर लवकर दिसावा म्हणून छपरावर चारी अंगांना कांचा असलेली एक टेहळणीची घुमटी बसवीत. इंग्रजींत तिला क्युपोला म्हणतात. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा वॉटसन नांवाचा कंडक्टर १८६३ सालीं आयोवा प्रांतांतून, छपराला भोंक पडलेल्या एका डब्यांतून चालला होता; त्यानें पेट्यांवर पेट्या रचून भोंकांतून डोकें बाहेर काढलें, आणि सबंध गाडी एका नजरेंत दिसल्यावरून घुमटीची कल्पना त्याला सुचली, असें सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, भोंकांतून डोकें बाहेर काढलेला तो मनुष्य लोकांना आवडला यांत शंका नाहीं.

पुढें मालडबे उंच होत गेले आणि घुमटींतून त्यांच्या पलीकडचें दिसेना. १९२३ सालीं ओहायो प्रांतांतील ॲक्रन, कँटन अँड यंगस्टाउन ह्या चिमुकल्या रेल्वेनें घुमटीऐवजीं दोन्ही भिंतींना बाहेर डोकावणाऱ्या खिडक्या केल्या. त्यांत बसलें कीं गाडीच्या कडेनें पुढपर्यंत पाहतां येई, आणि धक्का बसला असतां घुमटीच्या उंच बैठकीवरून खालीं आदळण्याचें भय नसे. बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीनें ही तऱ्हा उचलून धरली. तिची प्रतिस्पर्धी पेन्सिल्व्हानिया घुमटीलाच चिकटून राहिली. १९४२ सालीं तिनें बांधलेल्या डब्यांना आगबोटीसारख्या गोल खिडक्या आल्या, पण छपरावरची घुमटी कांहीं हलली नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, काम एक, रुळांतील अंतर एक, मग प्रत्येक कंपनीचा कबूस निराळा कां? मालाचा साधा डबा देशभर हिंडे. न्यू यॉर्कला भरलेला डबा अनेक कंपन्यांच्या रुळांवरून कॅलिफोर्नियास पोंचे, आणि वाटेंत मोडला तर जेथें असेल तेथें दुरुस्त व्हावा लागे. म्हणून त्याचे सांधे-भाग सर्वत्र सारखे ठेवणें प्राप्तच होतें. कबूस सहसा आपल्या कंपनीची हद्द ओलांडीत नसे. पुष्कळ ठिकाणीं तर एका कंडक्टरला एक कबूस नेमून दिलेला असे आणि तो वर्षानुवर्षें त्याच्याच ताब्यांत राही. त्यामुळें कंपन्या हा डबा आपापल्या बोगद्यांच्या उंचीप्रमाणें, आपापल्या माणसांच्या संवयीप्रमाणें आणि पुष्कळदां आपल्याच कारखान्यांत बांधीत. ह्याला अपवादहि आहेत. रीडिंग कंपनीचा १९२४ सालचा पोलादी नमुना आसपासच्या अनेक कंपन्यांनीं उचलला. परंतु एकंदरींत पाहतां, नुसती आकृति बघून गाडी कोणाची हें जाणत्यानें सांगावें, असा मालगाडींतला डबा हाच.

आणि नेमकें हेंच प्रतिकृति विकणाऱ्याला परवडत नाहीं. प्लॅस्टिकचा डबा ओतण्यासाठीं पोलादाचा सांचा कोरावा लागतो. तो खर्च भरून निघावयाचा तर एका सांच्यांतून हजारों डबे खपले पाहिजेत. कॅलिफोर्नियांतील ॲथर्न कंपनीनें सांता फे रेल्वेच्या पोलादी वे-कारवरून एक कबूस काढला. तो स्वस्त होता, सुबक होता आणि गडगडत चांगला चाले. मग तोच डबा, तीच एका टोकाकडे सरकलेली घुमटी, त्याच खिडक्या, अनेक कंपन्यांच्या रंगांत आणि नांवांनीं विकल्या गेल्या. ह्यांत कारखानदाराचा दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. लाखों मुलांच्या गाड्यांना त्यानें शेपूट दिलें. पण ज्याला पेन्सिल्व्हानिया रेल्वेची ओळख आहे त्याच्या दृष्टीनें, त्या सांच्यावर पेन्सिल्व्हानियाचें नांव घालणें म्हणजे विलायती साहेबाच्या डोक्यावर पुणेरी पगडी चढविण्यासारखें आहे. पगडी अस्सल असते. साहेब कांहीं पुणेकर होत नाहीं.

अशा वेळीं सुज्ञ छंदिष्ट प्रथम करवत खालीं ठेवतो आणि ह्या डब्यांतून काय होण्यासारखें आहे याचा विचार करतो. सांता फेच्या नमुन्यावर पेन्सिल्व्हानियाच्या गोल खिडक्या कोरीत बसणें हा वेळेचा अपव्यय आहे. भिंत, घुमटी, छप्पर सारेंच बदलावें लागेल आणि मूळचें उरेल तें फक्त किमतीचें लेबल. म्हणून कित्येकजण परक्या वेषाचा नाद सोडून हा डबा सांता फेचाच ठेवतात. येथें काम संपलें असें वाटतें. वास्तविक तें येथूनच सुरू होतें.

कारण, सांता फेचा कबूस म्हणजे तरी कोणत्या सालचा? त्या कंपनीचे पोलादी वे-कार १९२७ पासून बांधले जाऊं लागले. तेव्हां ते तपकिरी होते, बाजूंना खिडक्या होत्या, छपरावर चालण्याच्या फळ्या होत्या. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून कंपनीनें जुने डबे पुन्हा बांधावयास घेतले. गाड्या शंभर-शंभर डब्यांच्या झाल्या होत्या. दोन डब्यांच्या जोडांत थोडी ढिलाई असते. ती प्रत्येक जोडांत थोडी थोडी सांठून शेवटच्या डब्याला एकदम हिसका बसतो, आणि शेगडीजवळ उभा असलेला मनुष्य भिंतीवर जाऊन आपटतो. हा हिसका शोषून घेणारा सांगाडा डब्याखालीं आला. बाजूच्या बऱ्याचशा खिडक्या बंद झाल्या. तपकिरी जाऊन ठळक लाल रंग आला. म्हणजे, जुन्या खिडक्यांचा सांचा आणि नवा लाल रंग ह्यांची जोडी एका डब्यावर आली, तर नांव खरें, रंग खरा, आकृति खरी, आणि तरीहि त्या तिन्ही गोष्टी एका दिवशीं एकत्र कधीं नव्हत्या असें होऊं शकतें.

म्हणून अनुभवी मंडळी कंपनी निवडत नाहींत, डबा निवडतात. एक क्रमांक आणि एक साल. जुन्या छायाचित्रांतून त्या क्रमांकाचा डबा हुडकावयाचा, तें छायाचित्र केव्हांचें याचा तपास लावावयाचा, आणि मग प्रतिकृति त्याच्या शेजारीं ठेवून भिंग घेऊन बसावयाचें. पहिली संध्याकाळ ह्या पाहण्यांतच जाते, आणि ती वांया गेली असें समजूं नये. प्लॅस्टिक एकदां कांपलें कीं पुन्हा सांधतां येतें, पण पूर्वीसारखें होत नाहीं.

सर्वांत प्रचलित प्रमाणाला एचओ म्हणतात. त्यांत एका फुटास साडेतीन मिलिमीटर, म्हणजे मूळच्या सुमारें सत्याऐंशींव्या हिश्शाएवढी वस्तु होते. तीस फूट लांबीचा डबा १०५ मिलिमीटरांत बसतो, तळहातावर मावतो. ह्या प्रमाणांत पाऊण मिलिमीटराची चूक म्हणजे खऱ्या डब्यावर अडीच इंचांची चूक, आणि खिडकी अडीच इंच सरकलेली डोळ्यांना बरोबर टोंचते.

आतां खिडक्यांचेंच पाहूं. त्या एकाच कंपनींत बंद झाल्या असें नव्हे. रुळांच्या कडेनें दगड मारणारीं पोरें सगळ्या देशांत असतात, आणि अमेरिकेंत त्यांपैकीं कांहींच्या हातीं बंदुकाहि असत. १९७९ च्या अखेरीस तेथील केंद्रीय रेल्वे प्रशासनानें इंजिनें, उतारूंचे डबे आणि कबूस ह्यांना मजबूत कांचा बसविण्याचे नियम केले. फेंकलेली जड वीट आणि बावीस कॅलिबरची गोळी अडवील अशी ती कांच महाग. तेव्हां कंपन्यांनीं हिशेब केला आणि ज्या खिडक्यांवांचून चालेल त्या लोखंडी पत्र्यानें बुजवून टाकल्या. डब्यांतील अंधार वाढला, खर्च वांचला. अर्थात् १९७५ सालच्या डब्याची प्रतिकृति आणि १९८२ सालच्या त्याच डब्याची प्रतिकृति ह्यांत खिडकीएवढें अंतर पडतें.

खिडकी बुजविण्याची साधी रीत अशी कीं, भोंकाच्या मापाचा प्लॅस्टिकचा तुकडा कांपून आंत बसवावा, द्रावणानें चिकटवावा, रात्रभर वाळूं द्यावा, सांध्यांत लांबी भरावी आणि बारीक पॉलिश पेपरनें घांसून भिंत सपाट करावी. नवशिके हें फार हौसेनें करतात आणि सांधा अगदीं दिसेनासा झाला म्हणजे धन्यता मानतात. आणि येथेंच त्यांची फसगत होते. खऱ्या कारखान्यांतील कामगार सांधा लपविण्यासाठीं पगार घेत नव्हता. त्यानें पत्रा वितळजोडानें लावला आणि तो दुसऱ्या डब्याकडे वळला. पत्र्याची कड, जुन्या चौकटीची रेघ, तिच्याभोंवतीं उमटलेली गंजाची किनार, हें सारें छायाचित्रांत स्पष्ट दिसतें. तें घांसून काढलें कीं डबा नवा दिसतो, पण त्याचा इतिहास पुसला जातो. तेव्हां पत्रा वरून लावलेला आहे, कीं चौकटीच्या आंत बसविलेला आहे, हें आधीं पाहावें लागतें. वरून लावलेला असल्यास प्लॅस्टिकच्या पत्र्याची जाडी कोणती घ्यावी हाहि प्रश्नच आहे. पाव इंच जाडीचा लोखंडी पत्रा ह्या प्रमाणांत मिलिमीटराच्या चौदाव्या हिश्शाहून जाड नसतो. दुकानांत सहज मिळणारा पातळ पत्रा ०.१३ मिलिमीटरांचा, म्हणजे दुपटीच्या आसपास. तो चिकटवून वरून हलक्या हातानें घांसणें एवढाच उपाय उरतो.

बाकीच्या गोष्टी एकमेकींच्या हात धरून येतात. सांच्यांतून निघालेल्या डब्यावर शिड्या आणि धरण्याच्या दांड्या भिंतीलाच चिकटलेल्या असतात. मुलांच्या हातांत टिकाव्या म्हणून हें ठीकच होतें. पण खऱ्या दांडीमागें बोटें जाण्याइतकी जागा असते, नाहीं तर ती धरणार कशी? त्या चिकट्या दांड्या धारदार छिन्नीनें तासून काढावयाच्या, बारीक गिरमिटानें भोंकें पाडावयाचीं आणि ब्राँझची तार वांकवून त्यांत बसवावयाची. भिंतीवरचे शेजारचे रिव्हेट तासण्यांत हमखास जातात, आणि मग दुसरीकडून रिव्हेट आणून एकेक लावीत बसण्याचें प्रायश्चित्त घ्यावें लागतें. खरी दांडी पाऊण-एक इंच जाडीची. मापानें तार पाव मिलिमीटराची हवी. बहुतेक लोक जरा जाड, सुमारें ०.३ मिलिमीटरांची घेतात, कारण अधिक बारीक तार नुसत्या हात लावण्यानें वांकते. हा खोटेपणा जाणूनबुजून केलेला असल्यामुळें त्याला क्षमा आहे.

छपरावरील धुराड्याकडे मात्र फार थोड्यांचें लक्ष जातें. धुराडें कोठें आहे यावरून शेगडी कोठें आहे हें कळतें, आणि शेगडी कोठें आहे यावरून बाकें, टेबल आणि खिडक्या कोठें असाव्यात हें कळतें. घुमटी सरकविणाऱ्यानें धुराडें जागच्या जागीं ठेवलें, तर त्याच्या डब्यांतील मनुष्य शेगडीवर पाय देऊन घुमटींत चढणार! छपरावरच्या फळ्यांचीहि तीच कथा. ब्रेकवाल्यांनीं छपरावरून चालण्याचा काळ गेल्यावर १९६६ पासून नव्या बंद मालडब्यांना त्या फळ्या लावणें बंद होत गेलें, आणि पुढें कित्येक कंपन्यांनीं कबूसवरूनहि त्या काढून शिड्या आंखूड केल्या. फळ्या काढल्या कीं त्यांच्याखालचें छप्पर उघडें पडतें, आणि सांच्यांत तेथें खांचा असतात. त्या भरून काढाव्या लागतात. चाकांच्या बोग्याहि पाहाव्यात. आंत माणसें बसत म्हणून पुष्कळ कंपन्या कबूसखालीं मोटारीच्या कमानींसारख्या पानांच्या स्प्रिंगा घालीत, आणि साध्या मालडब्याची बोगी खालीं दिसली कीं जाणत्याच्या पाठींत कळ येते.

अमेरिकेंतील ह्या छंदिष्टांची राष्ट्रीय संस्था १९३५ सालीं मिलवॉकी येथें स्थापन झाली. चाकांचीं व रुळांचीं मापें ठरवून देण्यासाठीं ती मुख्यतः निघाली, पण प्रतिकृतींची परीक्षाहि ती करते. एकंदर १२५ गुणांपैकीं बांधणीला ४०, बारकाव्यांना २०, रंग व अक्षरांना २५, स्वतः मुळापासून घडविलेल्या भागांना १५, आणि मूळ वस्तूशीं जुळण्याला २५ गुण. ह्या शेवटल्या पंचवीस गुणांसाठीं स्पर्धकाला छायाचित्रें आणि नकाशे पुढें ठेवावे लागतात. सुरेख दिसतें एवढ्यानें भागत नाहीं; असें होतें म्हणून दाखवावें लागतें.

एवढी काटेकोर साक्ष कशासाठीं, असें वाटणें साहजिक आहे. त्याचें कारण असें कीं, मूळ वस्तु आतां रुळांवर राहिली नाहीं. आंसांना रोलर बेअरिंगें आलीं, तापलेला आंस ओळखणारीं यंत्रें रुळांच्या कडेला बसलीं, आणि शेवटच्या डब्याच्या कपलरवर अडकविण्याची एक लहानशी पेटी निघाली. ती ब्रेकच्या नळींतील हवेचा दाब बिनतारी संदेशानें इंजिनावर कळविते आणि रात्रीं लाल दिवा लुकलुकविते. १९८२ सालच्या मजूर-करारानें कबूसशिवाय गाड्या चालविण्यास वाट मोकळी झाली, आणि त्या दशकांत ते झपाट्यानें गेले. कांहीं भंगारांत मोडले. कांहीं बागांतून, संग्रहालयांतून, खाणावळींच्या दारांत उभे आहेत. पण जे उरले ते बहुधा आपल्या अखेरच्या रूपांत उरले, खिडक्या बुजलेले, फळ्या काढलेले, आणि त्यांवर गांवकऱ्यांनीं मोठ्या प्रेमानें कोणता तरी लाल रंग फांसलेला. घुमटींत दोन माणसें, दारांत कंदील आणि चारी खिडक्यांतून उजेड अशा डब्याला ज्यांनीं रात्रीं डोंगर उतरतांना पाहिलें, ते कामगार आतां फार थोडे राहिले आहेत. त्यांच्यापैकीं एखादा प्रदर्शनास येतो, प्रतिकृतीपुढें उभा राहतो आणि कांहीं न बोलतां धुराड्याकडे बोट करतो. चूक असेल तर ती तेवढ्यानेंच कळते.

एक अडचण मात्र चतुर माणसालाहि चुकत नाहीं. डब्याच्या दोन्ही भिंती सारख्या नसतात. आंतल्या सामानाप्रमाणें एका बाजूला खिडक्या अधिक, दुसरीला कमी, असें पुष्कळदां असतें. छायाचित्रकार उन्हाच्या बाजूला उभा राहून एक चित्र घेतो आणि निघून जातो. ज्या क्रमांकाचा डबा हवा त्याच्या उन्हाकडच्या भिंतीचें चित्र मिळतें. सावलीकडच्या भिंतीचें कांहीं केल्या मिळत नाहीं. मग त्याच वर्षीं त्याच कारखान्यांतून निघालेल्या दुसऱ्या डब्याची भिंत पाहून अंदाज करावयाचा. हा अंदाज जुळेल किंवा जुळणार नाहीं. सावध छंदिष्ट अशा डब्याच्या खालच्या अंगाला पेन्सिलीनें एक लहानशी फुली करून ठेवतो, आणि आपल्या रूळमार्गावर तो डबा असा लावतो कीं अंदाजानें केलेली बाजू भिंतीकडे राहावी. पंधरा वर्षांनीं कोणाच्या तरी माळ्यावर एक पाकीट सांपडतें, त्यांत सावलीकडून काढलेलें एक धुरकट चित्र निघतें, आणि डबा पुन्हा टेबलावर येतो.